साबुदाण्याचं गाव आणि खिचडीचं गाव

आषाढी एकादशी जवळ आली की दोन मजकूर हमखास फिरू लागतात. पहिला सांगतो की साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाणे, मिरची हे सगळं परमुलखातून आलेलं आहे, म्हणून उपवासाला ते खाऊ नये. आपल्या पूर्वजांचा आहार वेगळा होता, शुद्ध होता. दुसरा मजकूर त्याच यादीवर उभा असतो आणि निष्कर्ष उलटा काढतो: तुमचा फराळ चारशे-पाचशे वर्षांपलीकडे जात नाही, मग परंपरेच्या गोष्टी कशाला सांगता? एकाला या यादीनं ताट सोवळं करायचं आहे, दुसऱ्याला पानावर बसलेल्या माणसाला गप्प करायचं आहे. माहिती दोघांचीही बरीचशी खरी आहे, घोटाळा होतो तो तिच्यावरून निष्कर्षावर उडी मारताना. माझं म्हणणं असं की पीक कुठून आलं हा वनस्पतिशास्त्राचा प्रश्न आहे आणि पदार्थ कुणाचा हा स्वयंपाकघराच्या इतिहासाचा. पहिल्याचं उत्तर मिळालं म्हणून दुसरा सुटत नाही. आणि या वादात दुसरा प्रश्न कुणी विचारतच नाही, म्हणून दरवर्षी तोच वाद त्याच जागी अडकून पडतो.

आधी माहितीचं देणं चुकतं करू. मिरची, बटाटा, टोमॅटो, रताळं, शेंगदाणा, मका, काजू, पेरू, पपई, सीताफळ, अननस ही सगळी मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस १४९२ साली तिकडे पोहोचला, वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला, १५१० साली गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेलं, आणि त्यानंतरच्या काळात ही पिकं आपल्याकडे रुजली. त्याआधीच्या स्वयंपाकाचा पुरावा हवा असेल तर कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ आहे, साधारण ११३० सालचा. त्यातल्या अन्नभोगाच्या भागात उडदाची इडली आहे, पुऱ्या आहेत, मांडे आहेत, मासे आणि मांसाचे प्रकार आहेत. तिखटपणाला मिरी आहे, वासाला हिंग आहे. मिरची कुठेच नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप सावता माळ्यांचा. त्यांच्या नावावरच्या प्रसिद्ध अभंगात लसूण-कोथिंबिरीच्या शेजारी मिरची बसलेली आहे, आणि सावतोबा तर १२९५ साली अरणला समाधिस्थ झाले. मग मिरची पोर्तुगीजांच्या आधीची नव्हे काय? आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण ज्यांनी तो अभंग लहानपणापासून ऐकला त्यांच्यासाठी तो पुरावाच आहे. पण अभंग शतकानुशतकं तोंडातून तोंडात गेले. शेतात, दिंडीत, कीर्तनात गायले गेले. गाणाऱ्यानं आपल्या मळ्यात जे उभं होतं ते विठ्ठलाच्या पायी वाहिलं असेल, तर त्यात अभंगाला उणेपणा येत नाही. उलट मला तो फार मोलाचा दाखला वाटतो. समुद्रापलीकडून आलेलं एक झुडूप इतकं आपलं झालं की वारकऱ्याला त्यात हरी दिसू लागला. मिरचीला या मातीत जागा कशी मिळाली हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार?

आता शुद्धतावाद्यांच्या मूळ मुद्द्याकडे. परकं ते काढायचं असं ठरवलंच, तर रेघ कुठे मारायची? साबुदाणा काढला, बटाटा काढला. भाकरीचं काय? ज्वारी मूळची आफ्रिकेतली, सुदानच्या बाजूची. बाजरी पश्चिम आफ्रिकेतली, नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ पट्ट्यातली. ही धान्यं आपल्याकडे आली ती काही हजार वर्षांपूर्वी, पण आली ती बाहेरूनच. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून तिथं अनेक वर्षं उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० च्या सुमाराला तिथं राहणाऱ्या शेतकऱ्यांचं मुख्य पीक होतं जव. महाराष्ट्राच्या ज्ञात शेतकऱ्यांपैकी अगदी जुन्या असलेल्या या माणसांचं धान्य आज आपल्या किती घरांत शिजतं? आणि जवही मूळचा पश्चिम आशियातला. चिंच आफ्रिकेची, जिरं आणि धणे भूमध्य समुद्र नि पश्चिम आशियाच्या बाजूचे. हिंग तर आजही इराण-अफगाणिस्तानातून येतो. त्याची लागवड करून पाहण्यासाठी आपल्याकडे पहिलं रोप लावलं गेलं ते ऑक्टोबर २०२० मध्ये, हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात. तूर, मूग, उडीद, कुळीथ, तीळ, वांगं, मिरी, हळद, आंबा एवढी मंडळी मात्र इथलीच. म्हणजे ‘निव्वळ स्वदेशी’ ताट मांडायचं तर त्यात भाकरी नाही, मिरचीचा ठेचा नाही, आमटीत चिंच नाही, फोडणीत जिरं-हिंग नाही. चारशे वर्षांचा पाहुणा परका आणि चार हजार वर्षांचा घरचा, हा न्याय कुठल्या शास्त्रात बसतो? वेळेची कुठलीही रेघ मारा, ती मनमानीच ठरते.

उपवासाचाच आणखी एक पदार्थ घ्या. राजगिरा. साबुदाणा नको म्हणणारे बरेचदा त्याच्या जागी राजगिरा सुचवतात, तो सात्त्विक आणि प्राचीन म्हणून. पण दाण्यासाठी पिकवला जाणारा राजगिरा हासुद्धा मेक्सिको आणि अँडीज पर्वताच्या मुलखातला. अॅझटेक लोक त्याच्या पिठात मध वगैरे घालून देवतांच्या मूर्ती घडवत आणि सणाला त्या वाटून खात. स्पॅनिश पाद्र्यांना त्यात आपल्या प्रसादविधीची विटंबना दिसली आणि त्यांनी ती प्रथा मोडून काढली. तरीही दाणा टिकला. आज मेक्सिकोत लाह्या फोडलेला राजगिरा पाकात घालून वड्या थापतात; त्यांना ‘अलेग्रिया’ म्हणतात आणि त्या आपल्या राजगिऱ्याच्या वडीच्या बहिणी शोभाव्यात इतक्या सारख्या असतात. दोन खंडांतल्या, एकमेकांना न भेटलेल्या माणसांना हा बारीकसा दाणा देवाधर्माच्या दिवशी खावासा वाटला. मला यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही, आनंद वाटण्यासारखं पुष्कळ दिसतं.

इथं दुसऱ्या पक्षाचं, म्हणजे परंपरेला खोटं ठरवणाऱ्यांचं बोलणं सुरू होतं: बघा, सगळंच उसनं! त्यांचा जोरदार मुद्दा मान्य करायला हवा. ‘हजारो वर्षांपासून चालत आलेला साबुदाण्याचा उपवास’ असं कुणी लिहीत असेल तर ते चूक आहे आणि ती चूक दाखवलीच पाहिजे. खरं तर साबुदाण्याची गोष्ट मिरचीपेक्षाही अलीकडची आहे. मूळचा साबुदाणा आग्नेय आशियातल्या एका ताडाच्या खोडातल्या गराचा. आपण खातो तो टॅपिओकाचा, म्हणजे शाबूकंदाचा, आणि तो कंद दक्षिण अमेरिकेतला. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी १८८० ते १८८५ या आपल्या कारकिर्दीत त्याच्या लागवडीला उत्तेजन दिलं. दुसऱ्या महायुद्धात परदेशातून येणारा साबुदाणा बंद झाला, आणि त्या काळात तामिळनाडूतल्या सेलममध्ये कंदापासून साबुदाणा काढण्याचा धंदा उभा राहिला. कंद सोलायचे, धुवायचे, किसून त्यांचं सत्त्व पाण्यात निथळायचं, ओल्या सत्त्वाच्या हलवून हलवून गोळ्या वळवायच्या, तव्यावर भाजायच्या आणि उन्हात वाळवायच्या. आज आपल्या वाण्याकडच्या पोत्यांत येणारा बहुतेक साबुदाणा त्याच भागातला असतो.

पण मग एक साधा प्रश्न विचारा. सेलमचे लोक त्या साबुदाण्याचं काय करतात? ते पायसम करतात, त्याची पेज शिजवून उन्हात वाळवणं घालतात. खिचडी करत नाहीत. केरळात तोच कंद उकडून माशाच्या कालवणाबरोबर खातात. दाण्याचं कूट घातलेली, तुपात जिरं-मिरची तडतडवून परतलेली मोकळी खिचडी ही महाराष्ट्राची कमाई आहे. ती उसनी कुणाकडून आणणार? ती दुसरीकडे कुठे नव्हतीच.

आणि ही कमाई काय दर्जाची आहे ते जवळून पाहण्यासारखं आहे. साबुदाणा आधी दोन-तीन पाण्यांत धुवायचा, म्हणजे दाण्यावरची सुटी भुकटी निघून जाते; ती राहिली तर कढईत तिचीच खळ होते. मग पाणी दाण्यांच्या जेमतेम बरोबरीनं ठेवायचं. जास्त झालं की लगदा, कमी पडलं की मध्ये कडक कणी. मुरलेला दाणा चिमटीत धरला की सहज चिरडला पाहिजे. त्यानंतर कूट, मीठ आणि किंचित साखर कढईत न टाकता भिजलेल्या साबुदाण्यालाच आधी चोळून घ्यायची. यामागे पक्कं शास्त्र आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. साठ-सत्तर अंशांच्या आसपास तो पाणी पिऊन फुगतो आणि चिकटतो. कूट वरचं जास्तीचं पाणी शोषून घेतं आणि त्यातलं तेल दाण्यादाण्याला लागून दोन दाण्यांमध्ये आड येतं. मंद आचेवर दाणा पारदर्शक झाला की लगेच उतरवायची, नाहीतर वातड होते. हे कुठल्या प्रयोगशाळेनं शिकवलं नाही. दक्षिण अमेरिकेतले दोन पदार्थ, एक चिकटणारा आणि एक मोकळं करणारा, एकमेकांचे वैरी आहेत हे ओळखून त्यांना एका कढईत आणणाऱ्या बायकांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. पण ज्यांना ‘यात आपलं काय?’ असा प्रश्न पडतो, त्यांना उत्तर हे आहे.

भाकरीचंही तेच. सुदानमध्ये ज्वारीचं पीठ आंबवून त्याची कागदासारखी पातळ किस्रा घालतात. पश्चिम आफ्रिकेत त्याचा घट्ट उकडीसारखा गोळा शिजवतात. न आंबवता, हातानं थापून, तव्यावर आणि मग निखाऱ्यावर फुगवलेली भाकरी ही दख्खननं त्या दाण्याला दिलेली घडण. ज्वारीत ग्लूटेन नसतं, त्यामुळे पोळीसारखी लाटायला गेलात तर ती फाटते. दळण ताजं लागतं. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि थापताना भाकरी कडेनं चिरते. तेव्हा जाणती बाई कढत पाणी घालून पीठ मळते: पिठातला थोडा स्टार्च त्या उष्णतेनं शिजतो आणि गेलेला चिकटपणा परत येतो. भाकरी तव्यावर पडली की वरून पाणी फिरवते, म्हणजे वरचा पापुद्रा लवकर वाळून तडकत नाही आणि आत कोंडलेली वाफ भाकरी फुगवते. शेतकऱ्यानंही आपलं काम केलं. मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीत, थंडीत, दवावर वाढणारी मालदांडी ज्वारी पिढ्यान्‌पिढ्या निवडून तिथल्या माणसांनी घडवली, आणि आज तिला भौगोलिक मानांकन आहे. आफ्रिकेतून आलेल्या दाण्याला सोलापूर जिल्ह्याचं मानांकन मिळतं यात मला कसलीही विसंगती दिसत नाही.

जगात इतरत्र हेच घडलं आहे. टोमॅटो इटलीत सोळाव्या शतकात पोहोचला आणि पास्त्यावर तो रुळायला एकोणिसावं शतक उजाडलं. म्हणून नापोलीच्या माणसाला कुणी ‘तुझं जेवण मेक्सिकोचं’ असं म्हणतं का? आपली जिलबी अरबांच्या ‘झलाबिया’पासून आली. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी तिचा माग काढत १४५० च्या सुमाराच्या एका जैन ग्रंथापर्यंत तिला नेलं. गोड्यांच्या त्या शोधात ना अभिमानाचा फुगारा होता ना कुणाला खिजवण्याची हौस. पदार्थ आला कसा आणि बदलला कसा एवढंच त्यांना हवं होतं. खाद्यपदार्थांच्या इतिहासाकडे असं पाहणारा माणूस आपल्याकडे होऊन गेला, आणि आपण मात्र तो इतिहास दगडासारखा एकमेकांना फेकून मारतो आहोत.

शुद्धतावाद्यांचे दोन मुद्दे मात्र मला खरोखर वजनदार वाटतात. एक आरोग्याचा. साबुदाण्यात पिष्टाखेरीज फारसं काही नाही, आणि मधुमेह असलेल्या माणसानं ‘उपवास’ म्हणून दोन वेळा ताटली भरून खिचडी खाल्ली तर तो शरीरावर अन्यायच करतो. त्याऐवजी वरी घ्या, शेंगदाण्याची आमटी घ्या, फळं घ्या, हा सल्ला योग्य आहे. पण त्या सल्ल्याचा परकेपणाशी काय संबंध? त्या खिचडीत प्रथिनांची बाजू सांभाळणारा शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचाच, आणि पॉलिश केलेला पांढरा तांदूळ आशियातला असूनही मधुमेह्याला तितकाच जड. पोषणाचा हिशेब पोषणाच्या तक्त्यावर करावा. त्यात देशाभिमान मिसळला की सल्लाही बिघडतो आणि अभिमानही.

दुसरा मुद्दा अधिक दुखरा आहे: नवी पिकं आली की जुनी मरतात. हे खरं आहे. कोद्रा, हरीक ही नावं आता कित्येक शहरी मुलांनी ऐकलेलीही नसतात. कुळीथ कोकणाबाहेरच्या अनेक घरांतून हद्दपार झाला. पण मारेकरी कोण ते नीट शोधा. मराठवाड्यात आणि विदर्भात ज्वारीची जमीन सोयाबीननं घेतली ती सोयाबीन परकं म्हणून नव्हे; त्याला तेलगिरण्यांचं गिऱ्हाईक होतं, लवकर हाती येणारा पैसा होता, आणि ज्वारीला काढणीला माणूस मिळेना आणि बाजारात भाव मिळेना. रेशनवर वर्षानुवर्षं गहू-तांदूळ मिळत राहिला तेव्हा गावातल्या भाकरीची जागा पोळी-भातानं घेतली. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, सरकारनं या धान्यांना ‘श्री अन्न’ म्हटलं, चांगलं झालं. त्या यादीत अग्रभागी असलेली ज्वारी, बाजरी, नाचणी तिन्ही आफ्रिकेतल्या. म्हणजे ज्यांना वाचवायचं आहे तीच पिकं ‘परकं ते टाकून द्या’ या नियमानं आधी मरतील. लढायचं तर हमीभावासाठी लढा, शाळेच्या पोषण आहारात ज्वारी-नाचणी यावी म्हणून लढा. एकादशीच्या खिचडीवर राग काढून कोद्र्याचं एक कणीसही वाचणार नाही.

आणखी एक गोष्ट मनात ठेवून काही जण बोलतात, आणि ती उघड बोललेली बरी. मिरची ज्या गलबतांतून आली त्याच गलबतांतून तलवार आली. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मनिष्ठा तपासून शिक्षा देणारं चर्चचं न्यायासन, सुरू झालं. हे विसरावं असं मी म्हणणार नाही. पण त्या न्यायासनानं स्वयंपाकघरात काय केलं तेही आठवावं. १७३६ सालच्या हुकूमनाम्यात नवख्रिस्ती कुटुंबांना ज्या हिंदू चालीरीतींची मनाई होती, त्यांत भात अळणी शिजवून मीठ नंतर घेणं हीसुद्धा एक होती. मीठ भांड्यात पडलं की पानात, यावरून माणसाचा धर्म तपासला जात होता! अशा कारभाराचा ज्यांना संताप आहे त्यांनी तरी दुसऱ्याच्या पातेल्यात डोकावून निष्ठा मोजू नये.

आपल्याकडेही याला फार दिवस झालेले नाहीत. १८९० च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानानंतर टिळक, रानडे आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावं छापली आणि शहर पेटलं. ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, झालं, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, प्रायश्चित्तं झाली. भांडण चहाच्या पानांचं नव्हतं, ते कुणाच्या हातचं घेतलं याचं होतं. आज एकादशीला बहुतेक घरांत चहा बिनदिक्कत चालतो, म्हणजे पदार्थाचा विटाळ कधीच धुतला गेला आहे. माणसाचा राहिला आहे. मुंबई-पुण्यात भाड्याचं घर शोधणाऱ्याला ‘तुम्ही काय खाता?’ हा प्रश्न भाड्याच्या रकमेआधी विचारला जातो, आणि उत्तर पसंत पडलं नाही तर जागा मिळत नाही. साबुदाणा कुठला यावर तावातावानं बोलणाऱ्या दोन्ही पक्षांनी या प्रश्नावर बोलावं. त्यावर मात्र मी दोघांकडूनही फारसं काही ऐकलेलं नाही.